टिटवी कोल्ड स्टोरेजमधली दोन वर्षं

माझ्या धाकट्या भावाने अर्जात एकच ओळ खोटी लिहिली, आणि ती ओळ मी सुचवली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको की ताई, तुम्ही तेव्हा काय करत होतात. मी शिवणाच्या मशीनवर बसून एका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत होते आणि अक्कल पाजळत होते.

भाऊ रंगाच्या कारखान्यात अठरा वर्षं स्टोअरकीपर होता. तिथे त्याला सगळे 'रजिस्टर' म्हणायचे. घरात आई त्याला 'ठोंब्या' म्हणायची, कारण लहानपणी काही मोजायला लागला की तो आहे तिथे उभाच राहायचा. घरी साखरेच्या डब्यावरसुद्धा त्याने चिठ्ठी चिकटवलेली, कधी भरला, कधी संपला. त्याचे दोन नियम होते आणि ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पहिला, नोंदवहीत रिकामी ओळ सोडायची नाही; सोडलीच तर तिच्यावर तिरकी रेघ मारायची, नाहीतर मागाहून तिथे कुणीतरी काहीतरी घुसवतं. दुसरा, चूक झाली तर खोडायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर लिहायचं आणि शेजारी सही करायची. सहीशिवाय दुरुस्ती धरत नाहीत.

मग आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भावाने आधी रजा काढली, मग रजा संपली, मग त्याने नोकरी सोडली. माझं लग्न चार वर्षांत आटोपून मी केव्हाच घरी परतले होते, पण घर माझ्या शिवणावर चालायचं, मला उठता येत नव्हतं. दोन वर्षं आणि एक महिना त्याने आईचं सगळं केलं. कूस बदलणं, पुसणं, भरवणं, सगळं. आईची खाट खिडकीपाशी लावली आणि माझं मशीन तिथून उचलून आतल्या भिंतीला नेलं. त्याने एक निळी वही घातली होती. दर दोन तासांनी ताप, पाणी, औषध. दुपारी चारला गोळ्या चमच्यात चिरडून कोमट पाण्यातून द्यायच्या, तेव्हा तर घड्याळ त्याच्याकडे बघून चालायचं म्हणा ना. आई जे 'अं अं' करायची ते मला काडीचं कळायचं नाही. ह्याला सगळं कळायचं. दोघं हसायचीसुद्धा, आणि मी भिंतीकडे तोंड करून जळायचे.

ती गेली दुपारी साडेतीनला. मी एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले होते. आले तेव्हा भाऊ खाटेशेजारी बसलेला, वही मिटलेली. घड्याळाकडे बघून म्हणाला, "ताई, तुझ्यासाठी निरोप ठेवलाय तिने. पण आत्ता नाही सांगत. ऐकलंस तर कोसळशील, आणि तू कोसळलीस तर दोघांनी खायचं काय? मला नोकरी लागू दे, मग सांगतो."

मी हट्ट धरला नाही. खरं सांगू? ऐकला की संपला. आईचं अजून काहीतरी माझ्याकडे यायचंय, ह्या एका गोष्टीवर मी दिवस ढकलत होते.

कारखान्याने त्याची जागा भरली होती, म्हणून तो नोकरी शोधायला निघाला. आणि काय शोधायचा म्हणता! एकच अर्ज, त्याच्या त्रेचाळीस झेरॉक्स, सगळीकडे तोच. कुठे कुठे पाठवला त्याची यादी नाही. मी म्हटलं, "अरे रजिस्टर, खिळा बाहेर गेला तरी लिहितोस, आणि अर्जाची नोंद नाही?" तर म्हणतो, "अर्ज म्हणजे माल नव्हे." मुलींच्या वसतिगृहात मुलाखतीला जाऊन बसला, जाहिरातीची शेवटची ओळ वाचलीच नव्हती, 'फक्त महिला'. एका ठिकाणी विचारलं, तुमचा वीक पॉइंट कोणता? ह्याने पँट वर करून डावा गुडघा दाखवला. दुसरीकडे जुन्या कारखान्याविषयी विचारलं तर वीस मिनिटं डब्यांच्या झाकणांचा तुटवडा सांगत बसला. आणि सगळीकडे शेवटी विचारायचे, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का? हा म्हणायचा, नाही. कधीच काही विचारायचा नाही. कागद जुळला की सही करायची, मालाला प्रश्न विचारायचे नसतात, ही अठरा वर्षांची खोड.

आठ महिने गेले. मग कोपऱ्यावरच्या टायपिंगवालीने त्याला सांगितलं, "दादा, इथे दोन वर्षं रिकामी दिसतायत. अशी फट दिसली की लोक अर्ज बाजूलाच ठेवतात."

तो घरी आला तो चेहरा पाडून. म्हणाला, "'आईची देखभाल' असं लिहू का?"

आणि मी, त्याची मोठी बहीण, काय म्हणाले? "त्याला कोण नोकरी म्हणतं? लोक म्हणतील, घरी बसून होता."

"मग रिकामी ठेवू?"

"रिकामी कशाला? एखाद्या गोदामाचं नाव टाक. बंद पडलेलं लिही, म्हणजे कुणी फोन करून विचारणार नाही."

"कुठलं गोदाम?"

मी मशीनवरच्या रिळाकडे बघितलं. दोऱ्याचं नाव टिटवी छाप. "लिही, टिटवी कोल्ड स्टोरेज," मी म्हटलं आणि पाय मारायला लागले. त्याने लिहिलं. रिकामी ओळ त्याला सहन होत नव्हती, आणि मला त्याचा पडलेला चेहरा.

आठवड्याच्या आत एका गोदामातून बोलावणं आलं. तिथे अर्ज केल्याचं त्याला आठवत नव्हतं, यादी नव्हतीच. लोकांचं सामान सांभाळणारी जुनी जागा, लांबच लांब खोल्या, लोखंडी दारं. मुलाखत घ्यायला एक वयस्क हेडक्लार्क, भर उकाड्यात गळ्याला मफलर. त्यांनी अर्ज उघडलाही नाही. म्हणाले, "तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही आपल्या टिटवीचे. दोन नंबरच्या कक्षाबाहेर खिडकीपाशी बसायचात. मी आत वजनकाट्यावर होतो. ओळखलं नाहीत?"

घरी येऊन त्याने मला हे सांगितलं तेव्हा तो घाबरलेला होता. "ताई, असं गोदामच नाही ना कुठे?"

"नाही रे बाबा. म्हातारा तुला दुसराच कुणीतरी समजतोय. आयती ओळख निघालीय, कशाला मोडतोस? हो ला हो कर."

"आणि माझ्या आधी त्या खुर्चीवर कोण होतं, ते का गेले, विचारू का? खुर्चीच्या पाठीला अजून त्यांचं जर्किन लटकतंय."

"नको. रुजू हो आधी," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी विचारावंसं वाटलं होतं, तेही मी विचारू दिलं नाही.

तो रुजू झाला. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, आता आईचा निरोप सांग. तो म्हणाला, पहिला महिना पुरा होऊ दे. त्याच्या पद्धतीने ते बरोबरच होतं, पक्की नोंद झाल्याशिवाय तो काही सोडायचा नाही.

सुरुवातीला घरी येऊन हसायचा. आज मफलरवाल्यांनी टिटवीच्या फाटकाची गंमत सांगितली, आज लिफ्ट अडकलेली तो किस्सा सांगितला, मी आपलं हो हो केलं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "ताई, त्या लिफ्टमध्ये आम्ही तिघं होतो. तिसरा कोण ते त्यांना आठवेना, मला आठवलं." मी म्हटलं, मस्करी पुरे. तो म्हणाला, मस्करी कसली? तिसऱ्या आठवड्यात ते जर्किन घालून आला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. म्हणाला, "सवय आहे गं. टिटवीत चार अंशांवर दोन वर्षं काढली, अजून हाडांतून गेलेली नाही थंडी." हात धरला तर बर्फ.

तो आंघोळीला गेल्यावर मी ते जर्किन उलटसुलट करून बघितलं. मी कापडावर जगणारी बाई, मला कापड फसवत नाही. डाव्या बाहीचं कोपर झिजून जाळी झालेलं. भाऊ डावखुरा, लिहिताना कोपर टेकवतो. उजवा खिसा खाली ओघळलेला, तिथे तो मोजपट्टी ठेवतो. कॉलर डाव्या बाजूला दुमडलेली, त्याची मान तशीच कलते. नव्या माणसाच्या अंगावर तीन आठवड्यांत कापड असं झिजत नाही. ते दोन वर्षं त्याच्याच अंगावर होतं. माझ्या हातातून ते खाली पडलं आणि मी ते उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी डबा द्यायचं निमित्त करून मी त्या गोदामात गेले. दुपारची वेळ, पण आत ट्यूबलाइट. भाऊ खिडकीपाशी मान खाली घालून लिहीत होता, त्याने वर बघितलंच नाही. मफलरवाले उठून पुढे आले. चांगले अदबशीर गृहस्थ, तेच तर वाईट.

"या ताई. टिटवीलासुद्धा तुम्हीच डबा आणायचात. हीच हिरवी पिशवी."

"मी कधी आले नव्हते तिथे," मी म्हटलं.

"असं कसं? फाटकापाशी उभ्या राहायचात. कुत्रं भुंकायचं तुमच्यावर, तपकिरी. तुम्ही चप्पल उगारायचात."

आणि काय सांगू, मला ते कुत्रं दिसलं. एक कान तुटलेला. लोखंडी फाटकाचा गार गज तळहाताला लागला. मी पिशवी टेबलावर टाकली आणि म्हटलं, "तुम्ही हे का करताय?"

ते जरा ओशाळले. "मी काही करत नाही हो. तुम्ही ओळ लिहिलीत, मी ती भरतो. अर्धवट नोंद बघवत नाही मला." मग भावाकडे बघून हळूच म्हणाले, "मनापासून काम करतात. आधीच्यांसारखेच."

घरी कशी आले मला माहीत नाही. आल्या आल्या ट्रंकेतून निळी वही काढली. त्याचंच अक्षर, त्याच वेळा, दोन-दोन तासांनी. पण ताप नव्हता, गोळ्या नव्हत्या, 'आई' हा शब्द एकाही पानावर नव्हता. अकरा वाजता: कक्ष क्र. २, तापमान ४, दार बंद. एक वाजता: कक्ष क्र. २, तापमान ४, दार बंद. पानामागून पान. शेवटच्या पानावर: साडेतीन. कक्ष रिकामा.

मी वही मिटून परत ट्रंकेत टाकली. आणि मग भयंकर राग आला, त्या म्हाताऱ्याचा नाही, माझाच.

रविवारी दुपारी मी अर्जाची घरची प्रत आणि लाल पेन घेऊन त्याच्यासमोर बसले. तो आईच्या रिकाम्या खाटेवर जर्किन घालून बसला होता.

"आईचा निरोप काय होता?"

"कुठला निरोप?"

"ती गेली तेव्हा दिलेला. तू म्हणाला होतास, नोकरी लागली की सांगतो."

त्याने कीव आल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "ताई, मी कुठे होतो तेव्हा? मी ड्यूटीवर होतो. तुझा फोन आला तेव्हा दार लावत होतो." मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "आईचं सगळं तू एकटीने केलंस. दोन वर्षं. मी साधी रजासुद्धा काढली नाही. मला त्याची फार लाज वाटते गं."

त्याचे डोळे भरून आले. ज्याने तिला एक फोड येऊ दिला नाही, तो माझी माफी मागत होता! मी त्याला थोबाडणार होते किंवा पोटाशी धरणार होते, काय ते ठरत नव्हतं. मी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात तो आपणच हसला. "फोनवरून आठवलं. दोन नंबरच्या कक्षात एक म्हातारी असायची. कुणाची कोण, पोत्यांवर पडून असायची. बोलणं अगदी अस्पष्ट, फक्त मला कळायचं. मला काहीतरी नावानेही हाक मारायची, मजेशीर नाव होतं. एक दिवस साडेतीनला मी दार लावायला गेलो तर म्हणते, 'तिला सांग, माझं आवरलं की खाट काढ आणि मशीन खिडकीशी घे. माझ्यापायी दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसली पोर, डोळे जातील तिचे. तिच्या उजेडात मी झोपले, तिला म्हणावं, राग धरू नको.' मी विचारलं, कुणाला सांगू? तोवर तिचं बोलणं थांबलं. तो निरोप अजून माझ्याकडेच पडून आहे बघ. कुणाचा होता कोण जाणे."

मी मान वळवून बघितलं. भिंतीपाशी माझं मशीन होतं. आई गेल्यावरही मी ते हलवलं नव्हतं.

"पुन्हा सांग," मी म्हटलं. त्याने सांगितलं. "अजून एकदा." त्याने अजून एकदा सांगितलं, शब्दाला शब्द, नोंदीसारखं. मला समजत होतं. ही म्हातारी टिटवीत राहते. टिटवी गेली तर तीही जाईल. पण त्याला तसाच ठेवला तर माझा निरोप राहील आणि माझा भाऊ उरणार नाही. मला माझं मिळालं होतं. आता त्याचं त्याला द्यायला हवं होतं.

टिटवी कोल्ड स्टोरेज ह्या शब्दांवर मी लाल आडवी रेघ मारली. वर लिहिलं: आईची देखभाल, घरी. कागद त्याच्यापुढे धरला.

"हे काय?"

"दुरुस्ती आहे."

"मग सही लागते," तो म्हणाला. आठवण नसली तरी हात पद्धत विसरला नव्हता. डाव्या हाताने त्याने पेन घेतलं आणि सही केली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याने कॉलर सैल केली. "किती उकडतंय इथे," म्हणाला आणि जर्किन काढून फेकलं. कपाळावर घाम आला होता. मी त्याचा हात धरला, गरम, जिवंत हात. मला हसू फुटलं. देवा, मला केवढं हसू फुटलं! ट्रंकेतली वही आणून उघडली तर पानावर ताप होता, पाणी होतं, 'आई आज हसली' असं होतं. शेवटच्या पानावर मात्र साडेतीनच्या पुढे काही नव्हतं. नुसती वेळ आणि कोरी ओळ.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. भाऊ उठला, स्वयंपाकघरात गेला. गॅस पेटल्याचा आवाज आला. पातेल्यात पाणी.

"काय करतोयस?"

"चार वाजले ना," तो आतून म्हणाला. चमच्यात गोळी चिरडावी तसा बोटाचा चाळा करत दारात आला, आणि खाटेकडे बघून थांबला. चादर घडी केलेली, उशी नाही.

"ताई, आईला कुठे नेलंस?"

दोन वर्षं परत आली होती. आई गेली ती दुपार आली नव्हती. ती त्याने टिटवीतल्या म्हातारीच्या नावावर ठेवली होती, आणि मी तिच्यावर रेघ मारली होती. मग मला त्याला सांगावं लागलं. ते मी कसं सांगितलं आणि त्याने काय केलं, ते मी कुणाला सांगत नाही.

गोदामातून फोन आला नाही. पुढच्याच आठवड्यात पेपरात त्या जागेची जाहिरात होती, खाली लिहिलेलं, अनुभवाची अट नाही. ते जर्किन खुंटीवर नाही, ट्रंकेत नाही, कुठेच नाही.

मशीन मी खिडकीशी घेतलंय. उजेड चांगला येतो. भाऊ परत नोकरी शोधतोय, आता यादी ठेवतो, जाहिरात खालपासून वर वाचतो, आणि माझ्या आधी इथे कोण होतं, हा पहिला प्रश्न विचारतो. काल नवा फॉर्म भरत बसला होता. तीन रकाने: काम, कधीपासून, कधीपर्यंत. त्याने लिहिलं, आईची देखभाल. कधीपासून, ती तारीख लिहिली. 'कधीपर्यंत' पाशी पेन बराच वेळ थांबलं. मग त्याने तो रकाना तसाच कोरा सोडला, तिरकी रेघसुद्धा मारली नाही, आणि फॉर्म माझ्याकडे दिला. मीही काही लिहायला सांगितलं नाही.